केल्विन आणि ग्लेनिस, चॅनल अठरा

पोर्ट पिरी गावात केल्विन-ग्लेनिस हे एकच नाव होतं. शिडी हवीय? केल्विन-ग्लेनिसकडे बघ. केल्विन-ग्लेनिस आले का? नाही? मग मांस भाजायला घेऊ नका अजून. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसांचं असंच होतं. मग एका फेब्रुवारीत टोमॅटोला पाणी घालता घालता केल्विन वाफ्याच्या कडेला टेकला तो उठलाच नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून गावाने त्या नावाचे दोन तुकडे केले. लोक वाईट नव्हते हो, पण फार जपून बोलायला लागले. 'ग्लेनिस' म्हणायचे आणि पुढचं गिळून टाकायचे. तिला त्याचा असा काही संताप यायचा! एकदा खाटकाच्या दुकानात भर गर्दीत ती ओरडली, "अरे घ्या की त्याचं नाव! चावत नाही तो!" खाटकाने घाबरून तिच्या पिशवीत दोन सॉसेज जास्त टाकले. नाव काही घेतलं नाही.

ग्लेनिस शाळेच्या कॅन्टीनमध्ये होती. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि आवाज असा की सुट्टीची घंटा बिघडली तरी अडायचं नाही. केल्विन शिशाच्या कारखान्यात, पाळीवर. दोघांना मूल नव्हतं. जे काही होतं ते एकच वेड होतं: घर बंद करायचं, गाडीतच संसार मांडायचा आणि देशभर हिंडायचं. रविवार आला की दोघं निघायची कॅराव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, दुकानात. विकत घ्यायला नव्हे, नुसती बघायला. केल्विन बुटांसकट प्रत्येक पलंगावर आडवा होऊन बघायचा. "डोकं टेकतंय गं, ही नको." ग्लेनिस ओट्याशी उभी राहून खोटं खोटं अंडं फोडायची. विक्रेते त्यांना लांबून ओळखायला लागले होते आणि ती दोघं आली की चहाला निघून जायचे.

दर वर्षी 'पुढच्या वर्षी' ठरायचं. एका वर्षी छप्पर गळलं, एका वर्षी केल्विनची आई पडली, मग त्याच्या गुडघ्याने दगा दिला. असंच चालायचं.

पण एक गोष्ट केल्विनने घेऊन ठेवली होती. आमच्याकडे गाडीत राहणारी जोडपी पाठीमागच्या काचेखाली आपली नावं लावतात, आणि शेजारी वायरलेसचं चॅनल. म्हणजे मागून येणाऱ्याला नाव घेऊन हाक मारता येते, वाट मागता येते, पुढच्या पंपावर चहा कसा आहे ते विचारता येतं. चॅनल बहुतेकांचं अठरा. तर एका जत्रेत चिकटवायची अक्षरं कापून देणारा एक माणूस बसला होता, आणि केल्विनने त्याच्याकडून भली मोठी निळी अक्षरं करून घेतली: 'केल्विन आणि ग्लेनिस, चॅनल १८'.

"गाडी कुठाय?" ग्लेनिसने विचारलं.

"गाडी येईल गं. बारसं आधी करून टाकू." मग ती भेंडोळी काखेत मारून चालता चालता तो म्हणाला होता, "कोणीतरी अनोळखी माणसाने वायरलेसवर आपल्याला हाक मारावी, एका दमात. केल्विन-ग्लेनिस, ऐकताय का? बस, एवढं एकदा ऐकलं की मी सुटलो."

ती भेंडोळी कपाटावर पडून राहिली. केल्विन गेल्यावर ग्लेनिसने त्याचे कपडे दिले, बूट दिले, मासेमारीचे गळसुद्धा दिले. भेंडोळीला हात लावला नाही. ती दोन नावं एका दमात कोणीतरी घ्यावीत, एवढंच तिला हवं होतं, आणि सगळ्या गावाने जणू शपथ घेतल्यासारखं तेवढंच नेमकं बंद केलं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे आमच्याकडे मार्च लागता लागता, ती दाताच्या डॉक्टरकडे पोर्ट ऑगस्टाला गेली. पलीकडच्या बेकरीत एक कागद लावलेला होता: राहती बस विकणे आहे, अकरा वर्षं आमच्या आईबाबांचं घर होती, मेरेडिथला फोन करा. दात दुखत होता, तोंड अर्धं बधिर होतं, तरी तिने तिथूनच फोन लावला. पुढच्याच शनिवारी ती कपाटावरची भेंडोळी गाडीत टाकून पुन्हा ऑगस्टाला निघाली. भेंडोळी कशाला? तर मागची काच किती रुंद आहे त्याच्या मापाला. असं तिने स्वतःला सांगितलं.

मेरेडिथचं घर गावाच्या पश्चिमेला, हमरस्त्याला लागून. तिथेच तिठा आहे: एक फाटा उत्तरेला वाळवंटात जातो, एक पश्चिमेला समुद्राच्या बाजूने. देशातली निम्मी कॅराव्हॅन त्या दारावरून जाते म्हणा ना. अंगणात बस उभी होती, जुनी, पोटाशी जरा गंजलेली, शाळेची पोरं नेतात तसली छोटी, आतल्या सीट काढून घर केलेली. मागे पांढऱ्या अक्षरांत 'क्लेम आणि डल्सी, चॅनल १८'. बसच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि कानाशी हातातला वायरलेस. तो ग्लेनिसकडे न बघता तिच्या कानाच्या बाजूला बघत होता. मधलं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं, असं त्याच्या डोळ्यांचं झालं होतं. लायसन्स गेलं, म्हणून बस विकायची वेळ आली होती.

"पाय पुसून या," क्लेम म्हणाला. "डल्सीला आत वाळू चालत नाही."

ग्लेनिसने पाय पुसले. आत शिरली आणि दाराशीच थबकली. इतकी वर्षं दुकानांतून बघितलेल्या गाड्यांना नव्या प्लास्टिकचा वास यायचा. इथे टोस्टचा वास होता. ओट्यापुढच्या जमिनीवरचं लिनोलियम दोन पावलांच्या जागी घासून पांढरं पडलं होतं. आकड्यांना दोन कप टांगलेले, एकाचा कान चिकटवलेला. पलंगाच्या गादीला दोन खळगे, एक लांब, एक लहान. तिला तिथल्या तिथे बसून रडावंसं वाटलं, म्हणून तिने मुद्दाम खडसावून विचारलं, "छप्पर गळतं का?"

"गळलं असतं तर आम्ही राहिलो असतो होय? आता नीट बघा. हा खण असा उघडत नाही, आम्ही गुडघा देतो. दिला गुडघा? आता ओढा. गॅस आम्ही झोपताना बाहेरूनच बंद करतो. आणि तिसरा गिअर आम्हाला विचारल्याशिवाय पडत नाही. घाई केली की रुसतो. एक श्वास थांबायचं, मग ढकलायचं. मग ती कण्हते. कण्हली की समजायचं, पडला."

आम्ही, आम्ही, आम्ही! हा कुठला राजा लागून गेला, असं ग्लेनिसच्या मनात आलं. पण ओट्याबद्दल तिला बाईमाणसाशीच बोलायचं होतं. तिने विचारलं, "डल्सी कुठायत? त्यांना जरा विचारायचं होतं."

"आडवी झालीये जरा," क्लेमने घराकडे हनुवटी केली.

ग्लेनिसने आवाज खाली आणला, म्हणजे तिला जमला तेवढा. किमतीवर घासाघीस करायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. "मला पसंत आहे," ती म्हणाली. "मी घेते."

"नवरा कुठाय? त्याला नाही दाखवायची?"

"मी एकटीच आहे."

"एकटीच फिरणार?"

"एकटीच."

क्लेमने वायरलेसचा आवाज बारीक केला. "मग नाही जमायचं, बाई. रागावू नका."

"नाही जमायचं म्हणजे?"

"ही दोघांची बस आहे. एकट्या माणसाला खायला उठेल."

"जाहिरातीत तसं काही लिहिलं नव्हतं!"

"ती मेरेडिथने लिहिली. तिला बसमधलं काय कळतंय? दोन दिवस राहिली तर पाठ धरते तिची."

आता ग्लेनिसचा पारा चढला. इतक्या वर्षांची 'पुढच्या वर्षी', कपाटावरची भेंडोळी, खाटकाचे ते सॉसेज, सगळं एकदमच वर आलं. "हे बघा," ती कॅन्टीनच्या आवाजात म्हणाली, "मला माझं घर खायला उठलेलंच आहे. तिथून पळून आले तर आता तुमची बस उठणार म्हणे! उठू दे. मी बघून घेईन बसकडे!" आणि तरातरा बाहेर पडली.

गाडीचं दार उघडलं तर मागच्या सीटवर ती भेंडोळी. ग्लेनिसने ती बघितली. मग काय मनात आलं कोण जाणे, ती उचलून परत आली आणि तिने ती म्हाताऱ्याच्या मांडीवर आदळली. "घ्या. ही गाडीच्या आधी घेऊन ठेवली होती त्याने. येडा होता."

क्लेमने भेंडोळी गुडघ्यावर उलगडली. डोळे उपयोगाचे नव्हते, म्हणून अंगठ्याने चाचपत निघाला. अक्षराची कड सापडली की थांबायचा, वळण संपलं की पुढे. बराच वेळ लागला. "के...ल्वि...न," तो म्हणाला. मग "आणि". मग "ग्लेनिस. म्हणजे तुम्ही."

"मी."

"आणि हा?"

"गेला. या फेब्रुवारीत दोन वर्षं झाली."

क्लेमने अंगठा पुन्हा पहिल्या अक्षरावर नेला. "नाव तर इथंच आहे," तो म्हणाला. मग भेंडोळी नीट गुंडाळून त्याने तिच्या हातात दिली आणि उलट तिच्यावरच डाफरला, "अहो मग आधीच सांगायचं ना दोघं आहात म्हणून! उगाच माझा घसा कोरडा केलात. मेरेडिथ! चहा टाक गं. गिऱ्हाईक मिळालं."

चहा झाला. चहावर केल्विनच्या कारखान्यातल्या पाळ्यांच्याही गोष्टी निघाल्या. डल्सी काही चहाला आली नाही. निघताना मेरेडिथ फाटकापर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, "आई चार वर्षांपूर्वीच गेली हो. सेडुना गावाच्या अलीकडे, याच बसमध्ये. जेवण झाल्यावर 'जरा आडवी होते' म्हणाली, आणि संपलं. तेव्हापासून बाबांच्या लेखी ती आडवीच आहे. त्यानंतरही एकटे फिरत राहिले, पण रस्त्यावरच्या त्यांच्या माणसांना कळवलं म्हणून नाही. आम्हीसुद्धा आता खोडत नाही."

"अरे देवा," ग्लेनिस म्हणाली. तिला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर वाईट वाटता वाटता तिने नाकही मुरडलं. परत पिरीला जाताना ती स्टिअरिंगला सांगत होती, "मी नाही बाई असलं करणार. गेला तो गेला. म्हातारपणी असं स्वतःलाच फसवत बसायचं म्हणजे काय?"

एप्रिलात ती बस न्यायला गेली. मेरेडिथने हेअर ड्रायरने गरम करून करून मागची पांढरी अक्षरं सोलून काढली होती. पण अकरा वर्षांच्या उन्हाने आजूबाजूचा रंग विटला होता आणि अक्षरांखालचा तसाच गडद राहिला होता. त्यामुळे अक्षरं गेली तरी नावं वाचता येत होती, लांबूनसुद्धा. क्लेम आणि डल्सी, चॅनल १८.

"निघालं सगळं?" क्लेमने विचारलं.

मेरेडिथने ग्लेनिसकडे बघितलं. क्लेमने पत्र्यावरून तळहात फिरवला. हाताला काहीच लागलं नाही, सगळं गुळगुळीत.

"निघालं," ग्लेनिस म्हणाली.

"बरं झालं. तुमची नावं लावायला जागा झाली." तो हात खिशात घालून उभा राहिला. "एक सांगू का पोरी? एकदा गेलीस की ही बस पुन्हा माझ्या दारात आणू नकोस. गावात ये, हजारदा ये, पण ही घेऊन इथे थांबू नकोस. मला एकदाच जमणार आहे ते."

"नाही आणणार," ग्लेनिस म्हणाली. आरशात तिला तो बसची पायरी असायची त्या रिकाम्या जागी उभा दिसला, कानाशी वायरलेस धरून. तिठ्यावर पोचेपर्यंत तिला समोरचं धड दिसत नव्हतं. त्यात तिसरा गिअर पडेना. तिने एक श्वास थांबून ढकलला, बस कण्हली आणि पश्चिमेच्या फाट्याला लागली.

आता सुख लागायला हवं होतं की नाही? सगळं होतं तसंच होतं, जसं दोघांनी इतके रविवार बोलून ठेवलं होतं. डाव्या-उजव्या हाताला गव्हाची रानं, मग मिठाची तळी, मग समुद्र. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट वर करायचा, ग्लेनिसही करायची. अंडं आता खरंच फुटत होतं. पण रात्री झोपताना पंचाईत. मोठ्या खळग्यात झोपली तर केल्विनची जागा घेतल्यासारखं वाटायचं, आणि लहान खळग्यात झोपली तर शेजारी मोठा खळगा रिकामा. ती मधल्या उंचवट्यावर झोपायची आणि सकाळी पाठ धरून उठायची. क्लेमने सांगितलं तेच खरं झालं. बस तिला खायला उठली.

आणि वायरलेस! मागून ट्रक नाहीतर कॅराव्हॅन आली की डबा खरखरायचा. "क्लेम-डल्सी, क्लेम-डल्सी, मी उजवीकडून पुढे जातोय हं." एका दमात, अगदी केल्विनला हवं होतं तसं, फक्त दुसऱ्यांची नावं. पहिल्यांदा ग्लेनिस नुसतं "या, या" म्हणाली. दुसऱ्यांदा तिने बटन दाबलं, 'मी ती नाही' असं सांगायला, आणि तोंडातून निघालं "या, या". भेंडोळी वरच्या कप्प्यात होती. ती लावायला किती वेळ लागतो? पण मेलेल्या माणसाचं नाव गाडीला लावून हिंडायचं म्हणजे क्लेमसारखंच झालं की. तिचा मानीपणा आड येत होता. दुसरीकडे जीव असा तुटायचा की कोणी हाक मारली की ती पुढचा सबंध तास त्या नावांच्या जागी आपली नावं घालून बघायची. म्हणायची मात्र नाही.

स्ट्रीकी बे गावाच्या अलीकडे समुद्राच्या काठी फुकट मुक्कामाची एक जागा आहे. तिथे ती पोचली आणि अजून चाकाखाली दगडही ठेवले नव्हते, तोवर पलीकडच्या कॅराव्हॅनमधून एक बाई हात पसरून पळत आली. उंच, सडपातळ, पायात दोन वेगळ्या चपला. "क्लेम! अरे क्लेम! डल्सीची तब्येत कशी–" आणि ग्लेनिस खाली उतरली तशी ती जागच्या जागी थांबली.

"मी ग्लेनिस," ग्लेनिस म्हणाली. "मी ही बस विकत घेतली."

"असं होय," बाई म्हणाली. तिने हात खाली घेतले. मागे तिचा नवरा येऊन उभा राहिला. "मी बेरील. हा नॉर्म. पाच वाजता ये आमच्याकडे. खुर्ची तुझी तू आण."

पाच म्हणजे पाच. सूर्य कुठेही असो, आमच्या रस्त्यावर पाचला खुर्च्या निघतात, गोल होतो, ज्याची त्याची बाटली ज्याच्या त्याच्या हातात, आणि चीज मात्र सगळ्यांचं. ग्लेनिस खुर्ची घेऊन गेली. गोल तिघांचाच. बराच वेळ माशांबद्दल बोलणं झालं. मग बेरील उठली, आत गेली आणि क्विन्स नावाच्या फळाच्या जॅमची बरणी घेऊन आली. "दर वर्षी करते. एक त्यांची असते. कुठे भेटतील तिथे द्यायची. आता तूच पोचव."

बरणीवर लिहिलं होतं: क्लेम आणि डल्सी.

आता सांगायलाच हवं होतं. ग्लेनिसने तोंड उघडलं. सांगायचं होतं की डल्सी नाही, चार वर्षं झाली, तुमच्यापासून लपवलंय त्या म्हाताऱ्याने. तिच्यासारख्या फटकळ बाईला काय अवघड होतं? पण बरणीवरची दोन नावं तिच्या अंगठ्याखाली होती. "देते," ती म्हणाली. "ऑगस्टाला असतात आता. मुलीकडे. दोघं."

"दोघं?" नॉर्मने विचारलं.

"दोघं," ग्लेनिस म्हणाली आणि बाटलीला तोंड लावलं.

नॉर्म आणि बेरीलने एकमेकांकडे बघितलं. मग बेरील आपली खुर्ची सरकवत सरकवत ग्लेनिसच्या अगदी शेजारी आली. "तू चांगली आहेस गं," ती म्हणाली. "आम्हाला ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक आहे. सेडुनाला तिला नेलं तेव्हा पंपावरच्या पोरीने पाहिलं होतं. दोन दिवसांत सगळ्या चॅनल अठराला कळलं."

"मग तुम्ही त्यांना कधी..."

"काय बोलणार? समोरून बस आली की आम्ही हाक मारायचो. क्लेम-डल्सी, ऐकताय का? तो म्हणायचा, ऐकतोय, कुठे निघालात? आम्ही विचारायचो, डल्सी कशी आहे? तो म्हणायचा, आडवी झालीये जरा. मग आपण म्हणायचं, झोपू दे तिला."

"सगळेच?"

"सगळेच. ट्रकवाल्यांसकट," नॉर्म म्हणाला. "एकदा एका नव्या शहाण्याने खोडायचा प्रयत्न केला. पुढे त्याला कोणी वाटच दिली नाही. पार पर्थपर्यंत ट्रकच्या मागे गेला बेटा!" आणि तो हसायला लागला, आणि हसता हसता टोपीने डोळे पुसायला लागला.

ग्लेनिस त्या संध्याकाळी बसमध्ये येऊन लहान खळग्यात आडवी झाली. आपण नाक मुरडलं होतं ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो फसवत नव्हता. फसलं कोणीच नव्हतं. एका बाईचं नाव सबंध रस्त्याने मिळून जपलं होतं, आणि इथे आपण आपल्या माणसाला कप्प्यात गुंडाळून ठेवलाय. "केल," ती मोठ्याने म्हणाली, "मी काय गाढव आहे रे." शेजारचा मोठा खळगा मोठाच राहिला. पण ती झोपली.

सकाळी नॉर्मने बादलीभर पाण्याने बसची पाठ धुऊन दिली. बेरीलने एक टोक धरलं. जुन्या नावांची सावली तशीच वर राहू दिली, आणि तिच्याखाली ग्लेनिसने एकेक अक्षर दाबून निळी नावं बसवली. शेवटचा अंक जरासा वाकडा गेला. बेरील म्हणाली, "काढून परत लाव." ग्लेनिस म्हणाली, "नको. तो असता तर वाकडाच लावला असता."

जूनमध्ये आमच्याकडे थंडी पडते तेव्हा सगळे उत्तरेला जातात, ऊब शोधत. ग्लेनिसही निघाली. उत्तरेचा रस्ता म्हणजे ऑगस्टाच्या तिठ्यावरूनच. तिने बेरीलची बरणी आदल्या गावाहून मेरेडिथच्या नावाने पोस्टाने पाठवली होती, कारण दारात थांबायचं नाही असा शब्द दिलेला होता. सबंध रस्त्यात मात्र एकानेही तिला हाक मारली नव्हती. जो तो तिच्या कितीतरी पुढे निघून गेलेला. हिवाळ्यात सगळेच एका दिशेने, एकाच चालीने जातात, मागून कोण गाठणार? तिला वाटलं, असेल. नावं लावली, तेवढंच आपल्या हातात. केल्विनचं नशीब असंच.

तिठा आला. उजव्या हाताला, शेवटच्या घरांच्या रांगेत, मेरेडिथचं छप्पर दिसलं. ग्लेनिसने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं. अंगणात खुर्चीवर एक टोपी तेवढी दिसत होती. तिने वेग कमी केला, एक श्वास थांबली आणि तिसरा ढकलला. बस कण्हली.

डबा खरखरला.

"केल्विन-ग्लेनिस, केल्विन-ग्लेनिस. ऐकताय का?"

तिने ब्रेकच दाबला. मागे कोणी नव्हतं म्हणून बरं. रस्त्याच्या कडेला बस घेऊन ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली. तो आवाज तिला ठाऊक होता. त्या माणसाला हातभर अंतरावरचं नाव वाचता येत नव्हतं. त्याला ते वाचायची गरजच नव्हती, कण्हणं ऐकलं की झालं.

"केल्विन-ग्लेनिस," पुन्हा आलं, जरा चिडून. "अहो, झोपलात का दोघं?"

ग्लेनिसने बटन दाबलं. सबंध पिरीला ऐकू जाणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "ऐकतोय," ती म्हणाली. "ऐकतोय आम्ही, क्लेम-डल्सी."

पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"कुठे निघालात?"

"उत्तरेला."

"थंडी आहे इथे. बरं करताय. आणि केल्विन कसा आहे?"

समोर रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना करडी झुडपं आणि लांबवर लाल टेकड्या. ग्लेनिसने शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं आणि बटन घट्ट दाबून धरलं.

"आडवा झालाय जरा," ती म्हणाली.

"झोपू दे त्याला," क्लेम म्हणाला. "रात्रपाळी करून दमलेला असेल. सावकाश जा."